ताईंचा फिका जांभळा

माझ्या नणंदबाई आयुष्यभर रंगांशी भांडत आल्या आणि मी त्यांच्याशी. त्यामुळे त्यांच्याबद्दल सांगायचा हक्क माझ्याइतका कुणालाच नाही. त्यांचा धाकटा भाऊ म्हणजे माझा नवरा. त्याला विचारलंत तर "ताई चांगली आहे" एवढं म्हणून तो मोकळा होईल. चांगल्या आहेतच. पण चांगल्या माणसांचा ताप काय असतो ते एका छपराखाली राहिल्याशिवाय कळत नाही. आम्ही खालच्या दोन खोल्यांत राहतो, ताई वरच्या खोलीत, आणि मधला जिना सोळा वर्षं आमच्या बोलाचालीने गाजतोय.

ताई सव्वीस वर्षं कापडगिरणीच्या रंगखात्यात होत्या. रंगवून आलेला तागा उत्तरेच्या खिडकीपाशी धरायचा, नमुन्याच्या तुकड्याशी ताडून बघायचा, आणि "पास" नाहीतर "परत" म्हणायचं, एवढंच काम. ऐकायला सोपं वाटतं. त्यांनी "परत" म्हटलं की मालकसुद्धा वाद घालत नसे. गिरणीत त्यांना सगळे शेडबाई म्हणायचे. त्यांचा एक नियम होता, गडद धागा आधी. विणीत दहा रंगांचे धागे असले तरी गिऱ्हाइकाची नजर आधी सगळ्यात गडद धाग्यावर जाते, म्हणून तो जुळला की तागा जुळला. या नियमावर त्यांनी सव्वीस वर्षं काढली आणि एकदाही माल परत आला नाही.

मग गिरणी बंद पडली आणि ताई चार महिने घरात बसल्या. ते चार महिने मी कशी जगले ते माझं मला ठाऊक. मी हौसेने पिवळे पडदे आणले, तर म्हणाल्या, "हा पिवळा नाही, ही कावीळ आहे." माझं कपाट उघडून सगळे कपडे छटेप्रमाणे लावून ठेवले. मी संध्याकाळी कामावरून येते तर माझा परकर नवऱ्याच्या युनिफॉर्मच्या मांडीला मांडी लावून बसलेला. कपाळाला हात लावला मी.

तेवढ्यात त्यांना नवी नोकरी लागली. बसकंपनीला जाणून घ्यायचं होतं की लोक आपल्याबद्दल फोनवर काय काय लिहितात, म्हणून तिने ते काम एका ऑफिसला दिलं होतं. बँकेच्या वरच्या मजल्यावर एक हॉल, दहा-बारा खुर्च्या आणि समोर भिंतभर पडदा. पडद्यावर प्रत्येक बसमार्गाचा एक आडवा पट्टा. कुणी बसबद्दल काहीही पोस्ट टाकली की त्या पट्ट्यावर एक ठिपका उमटायचा. रागाचा लाल, दुःखाचा निळा, आनंदाचा पिवळा, भीतीचा जांभळा, किळसेचा हिरवा, नवलाचा केशरी. असे सहा रंग. यंत्राला ते आपोआप कळावं म्हणून आधी माणसांनी हजारो पोस्टी वाचून रंगवून द्यायच्या. एकच पोस्ट दोघांनी वेगवेगळी बघायची, रंग जुळला नाही तर तिसऱ्याकडे जायची. नावं, बसचा नंबर, तारीख सगळं काळ्या पट्टीखाली झाकलेलं, म्हणजे कुणी कुणाची बाजू घ्यायला नको.

मुलाखतीला गेल्या तेव्हा ताईंनी पडद्याकडे बघून पहिलंच वाक्य टाकलं की तुमचा हा लाल दोन जागी वेगळा आहे. तपासलं तर खरंच होता. तिथल्या तिथे ठेवून घेतलं त्यांना. दोन वर्षांत तिथल्या सगळ्या तरण्या पोरापोरींना त्यांनी शिकवून तयार केलं. पाण्याच्या फिल्टरवर कागद चिकटवला: गडद शब्द आधी. पोस्टमध्ये सगळ्यात गडद शब्द कुठला ते बघा, त्याचा रंग द्या, पुढची उचला. काम झपाझप व्हायला लागलं, दोघांचे रंग जवळजवळ नेहमी जुळायला लागले आणि ऑफिस खूश. मी चेष्टा करायची, "लोकांच्या मनाला रंग लावायचे म्हणजे भिंतीला चुना लावण्याइतकं सोपं झालं की हो ताई." त्या म्हणायच्या, "तू लोकांना चष्मे लावतेस, मी काही बोलते का?" मी चष्म्याच्या दुकानात काउंटरला असते.

आता माझ्या नवऱ्याचं. तो त्याच कंपनीची बस चालवतो, एकोणीस वर्षं झाली. एका मंगळवारी दुपारी मोठ्या उतारावर ब्रेकचा पेडल दाबला तर तो थेट तळाला जाऊन टेकला. गाडीत त्रेचाळीस माणसं, त्यात शाळा सुटलेली अकरा पोरं. डावीकडे रस्त्याच्या कामासाठी वाळूचा ढीग टाकलेला होता. त्याने गाडी त्या ढिगात घातली. एकाच्या कपाळाला टेंगूळ, एका बाईचं मनगट मुरगळलं, बाकी सगळे कपडे झटकत उतरले. घरी आला तेव्हा त्याने मला हे तीन वाक्यांत सांगितलं आणि जेवायला बसला. जेवला मात्र नाही.

चौथ्या दिवशी तपासणीचा अहवाल आला. ब्रेकचा एक भाग आतून तुटला होता, चालकाचा दोष नाही. मला वाटलं, सुटलो. पण त्याच पाकिटात दुसरा कागद होता, आणि त्याला रंगीत चित्र जोडलेलं. त्याच्या मार्गाचा पट्टा, अपघातानंतरच्या तीन दिवसांचा. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जांभळा, मध्ये सुई टोचायला जागा नाही. खाली लिहिलेलं की प्रवाशांच्या मनातली तीव्र भीती लक्षात घेता आपल्याला चालकाच्या कामावरून काढून आगारात गाड्या धुण्याच्या कामावर का पाठवू नये, याचा खुलासा येत्या शुक्रवारी समक्ष करावा.

मी संतापले. तो नाही संतापला, आणि तेच वाईट होतं. त्याने ते चित्र घडी घालून सदऱ्याच्या खिशात ठेवलं. बसल्या बसल्या काढायचा, बघायचा, परत ठेवायचा. त्याचा फोन बटणांचा, लोक कुठे काय लिहितात हे त्याला माहीत नाही. त्याच्यासाठी लोक म्हणजे तो जांभळा पट्टा. रविवारी मला म्हणाला, "शुक्रवारी मी सही करून टाकणार. गाड्या धुतो. लोकांना माझी भीती वाटते, तर मी कशाला तिथे बसायचं?"

"तुझा दोष नाही असं लिहून आलंय की."

"दोष नाही. पण भीती आहे ना. ही बघ." आणि पुन्हा ते चित्र काढलं. ज्या माणसाने वाळूच्या ढिगात गाडी घालून त्रेचाळीस जीव वाचवले तो एका कागदापुढे असा मान टाकून बसलेला बघून मला इतकं रडू आलं की मी उठले आणि तडक वर गेले.

ताई गच्चीवर वाळलेल्या चादरी काढत होत्या. ऊन उतरायला लागलं होतं. मी म्हटलं, "तुमच्या ऑफिसातूनच गेलंय ना ते चित्र? भावाच्या मुळावर आलात."

ताईंनी हातातली चादर खाली ठेवली नाही. म्हणाल्या, "पहिलीच पोस्ट आली, तिच्यात वाळूचा ढीग होता. मी तिथेच हात वर केला. हे माझ्या घरचं आहे, माझ्याकडे नको, म्हटलं. सगळ्या पोस्टी दुसऱ्या दोघांकडे गेल्या. मी एकही वाचलेली नाही आणि वाचणारही नाही."

"हरिश्चंद्राचा अवतारच की तुम्ही. भाऊ गेला आगारात, पण तुमचे हात स्वच्छ."

"असूदेत स्वच्छ. नाहीतर उद्या त्याच्या चांगल्यावरही कुणी विश्वास ठेवणार नाही."

एवढं सरळ उत्तर दिल्यावर माणसाने भांडायचं कसं? मी फोन काढला. आमच्या भागातल्या लोकांच्या ग्रुपवर त्या दिवशीच्या पोस्टी होत्या, मी त्या शोधून ठेवल्या होत्या. खरं सांगते, तोवर मीसुद्धा धडपणे वाचल्या नव्हत्या. वरवर भीतीदायक दिसल्या म्हणून पुढे जायची हिंमत झाली नव्हती. आता रागाच्या भरात मोठ्याने वाचायला लागले. "शाळेतून फोन आला आणि माझे हातपाय गळाले…"

"जांभळा," ताई म्हणाल्या. वाचायचं नाही म्हणणारी बाई, पण सवय. चादरीची घडी घालता घालता तोंडातून निघून गेलं.

मी पुढची काढली. "उतारावर बस अशी सुटली, मला वाटलं संपलं सगळं…"

"जांभळा."

"आजही आठवलं की अंगावर काटा…"

"जांभळाच. यात विचारायचं काय?"

माझं डोकं फिरलं. मी त्यांच्या हातातली चादर ओढली. "आता मध्ये बोललात तर ही चादर खालच्या गटारात टाकीन. पुरतं ऐका." आणि एक पोस्ट अथपासून इतिपर्यंत वाचली. कुणा आईची होती. "फोन आला तेव्हा माझ्या तोंडचं पाणी पळालं. अनवाणी धावत सुटले. वाटेत काय काय मनात आलं ते लिहवत नाही. कोपऱ्यावर पोरगी समोरून चालत येत होती, बुटांत वाळू, दप्तरात वाळू. दहा वेळा चाचपून बघितलं तिला. आता ती आंघोळ करून शेजारी बसलीय, पाढे म्हणतेय. जीव भांड्यात पडला. ड्रायव्हरदादा, तुमचं नाव माहीत नाही. उद्यापासूनही तिला तुमच्याच गाडीने पाठवणार आहे."

मी म्हटलं, "सांगा ना आता रंग. ही बाई घाबरलेली आहे?"

"परत वाच," त्या म्हणाल्या.

मी परत वाचली. मग आधीच्या तिन्ही शेवटपर्यंत वाचल्या. हातपाय गळालेल्या बापाने शेवटी लिहिलं होतं की आज पहिल्यांदा मुलाच्या गेलेल्या अर्ध्या मार्कावरून ओरडलो नाही. संपलं सगळं म्हणणाऱ्याने शेवटी ड्रायव्हरचे पाय धरावेसे वाटतात असं लिहिलं होतं. अंगावर काटा येणाऱ्या बाईने वाळू टाकणाऱ्या कंत्राटदाराचेसुद्धा आभार मानले होते. आम्ही वीस पोस्टी वाचल्या. खरोखर घाबरलेल्या तीन निघाल्या, एक कंपनीवर चिडलेली, आणि बाकी सोळा माणसं हुश्श करून बसलेली.

ताई पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर बसल्या. त्यांना असं बसलेलं मी गिरणी बंद पडली त्या दिवशीही बघितलं नव्हतं. म्हणाल्या, "कापड एका नजरेत दिसतं गं. म्हणून गडद धागा. पण हे बोलणं आहे. माणूस सुरुवात करतो एकीकडे आणि पोचतो दुसरीकडे. मी पोरांना पोचूच दिलं नाही. पहिला गडद शब्द आला की रंग, पुढची. दोन वर्षं."

"मग उद्या जाऊन बदला ते ठिपके."

"मी त्यांना हात लावायचा नाही. आणि पोरांनी पुन्हा रंगवले तरी जांभळेच होतील, माझंच शिकवलेलं आहे ते. मला नियमच चुकलाय असं सांगावं लागेल."

दोन वर्षांचं काम चुकलं असं सांगणाऱ्या बाईला ऑफिस ठेवेल का, हे आम्हा दोघींनाही कळत होतं. खोटं कशाला बोलू, त्या घटकेला मला त्यांच्या नोकरीची काळजी नव्हती. मला माझ्या नवऱ्याच्या खिशातला कागद दिसत होता. नंतर जिना उतरताना मात्र मला स्वतःची लाज वाटली, आणि मी त्यांच्या चादरी नीट घडी घालून वर नेऊन दिल्या.

पुढचं मला नंतर कळलं, कारण ताईंनी त्या आठवड्यात घरात एक अक्षर काढलं नाही. सोमवारी त्यांनी फिल्टरवरचा कागद स्वतःच्या हाताने काढला आणि मॅडमसमोर ठेवला. मॅडम म्हणजे ऑफिसची प्रमुख, ताईंना लेक शोभेल अशा वयाची पोरगी. ती म्हणाली, "ताई, सुनावणीच्याच आठवड्यात तुम्हाला हे सुचलं? लोक काय म्हणतील?"

"तेच म्हणतील. म्हणून माझ्या भावाचा मार्ग बाजूला ठेवा," ताई म्हणाल्या. "दुसऱ्या मार्गांचे, गेल्या वर्षीचे शंभर जांभळे ठिपके काढा. आणि ते वाचायला माझ्या हाताखालचा एकही माणूस नको."

मग शोधाशोध झाली. खालच्या बँकेचा पहारेकरी, फरशी पुसणाऱ्या मावशी, हिशेबनीस, फोन घेणारी मुलगी, आणि मॅडमची आई, ती बिचारी विसरलेल्या किल्ल्या द्यायला आली होती, तिलाही बसवलं. पोस्ट पुरती वाचायची आणि हे लिहून झाल्यावर या माणसाला कसं वाटत असेल ते सांगायचं. शंभरातल्या चौसष्ट जणांना भीती वाटतच नव्हती. कुणाची हरवलेली पर्स बसमध्ये सापडली होती, कुणाचा म्हातारा बाप चुकून शेवटच्या थांब्यावर गेला होता आणि कंडक्टरने घरच्यांना फोन करून त्याला घरी पोचवला होता. फरशीवाल्या मावशी पडद्याजवळ जाऊन सहाही रंग बघून आल्या आणि म्हणाल्या, "पण 'सुटलो बाबा' याला यांच्याकडे रंगच नाही."

मॅडमच्या हे दोन वर्षांत लक्षात आलं नव्हतं आणि ताईंच्याही नाही. पिवळा देऊन बघितला, तर ताईंनी "परत" म्हटलं, आनंद निराळा. हिरवा दिला, परत. दीड तास असा गेल्यावर त्यांनी जांभळाच घेतला आणि त्यातला रंग कमी कमी करत नेला. गिरणीत तुकडा तीनदा धुऊन मग बघायचे काय उरतंय ते, तसा. धुऊन भीती निघून गेली की मागे जो राहील तो फिका जांभळा त्यांनी सातवा रंग म्हणून पास केला.

त्यानंतर वाळूच्या ढिगाच्या पोस्टी त्याच पाच जणांपुढे ठेवल्या. तेवढा वेळ ताईंना हॉलमध्ये थांबायचीसुद्धा परवानगी नव्हती. त्यांनीच तसं मागून घेतलं होतं. सुनावणी होईपर्यंत त्या रोज खाली बँकेत, खातं उघडायला आलेल्या लोकांच्या बाकावर, पर्स मांडीवर घेऊन बसल्या. तिसऱ्यांदा शिपायाने विचारलं, "बाई, तुमचं काम काय आहे?" तर म्हणाल्या, "माझं काम वर चाललंय."

मला यातलं काहीच माहीत नव्हतं. शुक्रवारी सकाळी नवऱ्याने इस्त्रीचा सदरा घातला, ते चित्र नव्या खिशात घातलं आणि म्हणाला, "सही करून येतो." ताई दारात उभ्या होत्या. मी त्यांच्याकडे बघितलं, त्यांनी नजर फिरवली. काही बोलणार नाही अशी त्यांनी ऑफिसात हमी दिली होती, आणि ती पाळताना त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. मला वाटलं, काही जमलेलं दिसत नाही. त्यांना बोल लावत मी दुकानात गेले, मनातल्या मनात.

अकराची सुनावणी. बारा वाजले, साडेबारा वाजले. मी एका आजोबांच्या चष्म्याचा स्क्रू आवळत होते आणि तो तीनदा हातातून पडला. आजोबांनीच शोधून दिला. पाऊण वाजता काचेच्या दारातून नवरा आत आला. त्याच्या हातात कागदांचा गठ्ठा होता आणि डोळे सुजलेले.

मी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. "केलीस सही?"

त्याने मान हलवली, नाही म्हणून. साहेबांनी नवा पट्टा समोर ठेवला होता. तो त्याला कळलाच नाही. "हा कुठला रंग?" त्याने विचारलं. साहेब म्हणाले, "हा नवीन आहे, त्यापेक्षा तुम्ही मूळच वाचा," आणि छापलेल्या पोस्टी त्याच्या हातात दिल्या. तो बाहेर बाकावर बसून वाचत राहिला. सगळ्या, पहिल्यापासून शेवटपर्यंत, तासभर. ते त्याला मध्येच आत बोलवायला आले होते, पण त्याची अवस्था बघून परत गेले.

"मला ताईला फोन लावून दे," तो म्हणाला.

मी लावून दिला. आजोबा समजूतदार, ते भिंतीवरचे चष्मे बघायला लागले. नवऱ्याने फोन कानाला लावला आणि त्याला बोलताच येईना. मग एकदम सुरू झाला. उतारावर पेडल तळाला गेला तेव्हा आरशात त्याला ती पोरं दिसली होती. एक जण खिडकीच्या काचेवर बोटाने काहीतरी काढत होतं. त्याला वाटलं, आता ही सगळी माझ्या हातून जाणार. तेव्हापासून रोज डोळे मिटले की ते बोट दिसत होतं. आम्हाला कसं सांगायचं ते कळत नव्हतं. तो जांभळा पट्टा आला तेव्हा त्याला उलट वाटलं की लोकांना बरोबर कळलंय, कारण सगळ्यात जास्त भीती त्यालाच वाटली होती. हे मी सोळा वर्षं त्याची बायको असून त्या दुकानात, परक्या माणसासमोर, पहिल्यांदा ऐकत होते.

किती वेळ बोलला कोण जाणे. मध्ये मध्ये थांबायचा, हुंदका गिळायचा. मी कान लावून होते. पलीकडून ताई एकदाही मध्ये बोलल्या नाहीत.

शेवटी त्याने बाहीने नाक पुसलं आणि म्हणाला, "ताई, उद्या पहाटे पाचची गाडी मला दिलीय. मी हो म्हणून आलोय."

त्यानंतर कुठे पलीकडून आवाज आला. ताई रडत होत्या, अगदी मोठ्याने, बँकेच्या त्या बाकावर बसून.